अनेक कर्नेल आणि त्यांच्या प्रारंभ-प्रतिमा

व्याख्यानमालेच्या या पुस्तिकेत व्याख्यानाच्या जोडीला एक लेख छापावयाचा आणि तो बहुधा भाषा, साहित्य किंवा इतिहास यांपैकी एखाद्या विषयावर असावयाचा, असा आपल्या शाळेचा जुना प्रघात आहे. यंदा तो लेख मी लिहावा असे सुचविण्यात आले तेव्हा "संगणक सुरू कसा होतो, यावर लिहीन" असे उत्तर मी दिले. मुख्याध्यापिकाबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा संकोच स्वाभाविक होता. जिने सारी हयात मराठी शिकविण्यात घालविली, बोलींवर प्रबंध लिहून पीएच.डी. मिळविली, तिने सत्तरी उलटल्यावर यंत्राच्या अंतरंगात डोकावे कशाला? याचे कारण असे की, ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा शब्दसंग्रह 2024 च्या पावसाळ्यात आपण जवळजवळ गमावला होता. तो वाचला एका लहानशा तांत्रिक गोष्टीचे ज्ञान वेळेवर झाल्यामुळे. ती गोष्ट मला जशी समजली तशी येथे सांगते. या विषयातील मी अधिकारी व्यक्ती नव्हे, हे आरंभीच नमूद करणे बरे.

संग्रहाची हकीगत जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगावयास हवी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन येथे आली. माझे वडील त्यांतलेच. ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेले मराठी लोक वेगळे, आणि पुढे भेलच्या कारखान्यामुळे पिपलानी-बरखेड्यात स्थायिक झालेले आणखी वेगळे. या साऱ्यांची मराठी एकमेकींत आणि हिंदीत मिसळत गेली. नागपूरकडचा मुलगा "मी जाऊन राहिलो" म्हणे, वर्गातल्या ग्वाल्हेरच्या मुली त्याला हसत, आणि गुरुजी फळ्यावरचे गणित तसेच अर्धवट ठेवून ते वाक्य खिशातल्या कागदावर टिपून घेत. होते ते गणिताचे शिक्षक. पण त्यांच्या पश्चात शाळेकडे आली ती सोळा खोकी शब्दपत्रे. प्रत्येक पत्रावर शब्द, अर्थ, तो कोणाच्या तोंडून ऐकला ते आणि दिनांक. निवृत्तीनंतर मी व काही विद्यार्थ्यांनी ती पत्रे ग्रंथालयातील संगणकावर उतरविली. वृद्ध मंडळींच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणेही तेथेच ठेवली. पुढे काही खोक्यांना वाळवी लागली. म्हणजे त्यांतील शब्दांची एकच प्रत उरली, ती त्या यंत्रात. वेगळ्या डिस्कवर काढलेली दुसरी प्रत होती, परंतु ती दहा महिन्यांपूर्वीची. हा हलगर्जीपणा सर्वस्वी माझा.

ऑगस्टच्या अखेरीस एका वादळी रात्री विजेचा दाब वरखाली झाला आणि त्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. डिस्क मात्र शाबूत होती. ती काढून शाळेच्या कार्यालयात पडून असलेल्या दुसऱ्या, थोड्या नव्या संगणकात जोडली. नेहमीची निवडसूची पडद्यावर आली, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे धावली आणि थांबली. अमुक क्रमांकाची डिस्क अस्तित्वात नाही, असा इंग्रजी मजकूर, आणि त्याखाली लुकलुकणारा एक ठिपका. निवडसूचीत तीन कर्नेलांची नावे होती. तिन्ही एकामागून एक निवडून पाहिली; तिन्हींची गत तीच. एम. पी. नगरमधील एका दुकानात डिस्क नेली. तेथील तरुणाने ती पाच मिनिटे यंत्राला लावली आणि मोठ्या सौजन्याने निर्णय दिला, "माताजी, इसमें कुछ नहीं बचा, फॉर्मेट करना पड़ेगा." तो होय म्हणण्याची वाट पाहत होता. डिस्क पिशवीत घालून मी पावसातच परत आले.

त्या डिस्कवर सर्व काही जागच्या जागी होते. मग "अस्तित्वात नाही" असे यंत्र का म्हणत होते, हे समजण्यासाठी थोडे मुळाशी जावे लागते.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अगदी आतला भाग, ज्याच्या हाती स्मृती, डिस्क, कळफलक आदी साऱ्या अवयवांचे नियंत्रण असते, त्याला कर्नेल म्हणतात. मराठीत गाभा म्हणावयास हरकत नाही. (आमच्या पिढीला हा शब्द ऐकताच पलटणीतला कर्नल आठवतो, आणि अधिकाराच्या दृष्टीने ती कल्पना अगदीच चुकीची नाही.) लिनक्स हे असेच एक कर्नेल. 1991 साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ते लिहावयास घेतले. आज त्याच्या आधारावर अनेक संपूर्ण कार्यप्रणाली रचल्या जातात. आपल्या ग्रंथालयातील यंत्रावर डेबियन 12 ही प्रणाली होती. सी-डॅकने 2007 पासून प्रसृत केलेली बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवरच बेतलेली असल्याने पुढील विवेचन तिलाही बहुतांशी लागू पडते.

कर्नेलाला डिस्क वाचावयाची तर त्या डिस्कच्या नियंत्रकाशी बोलता यावे लागते. हे बोलणे जमविणारी जी लहान आज्ञावली तिला ड्रायव्हर म्हणतात. नियंत्रकांचे प्रकार इतके की सर्वांचे ड्रायव्हर कर्नेलातच कोंबले तर ते अवाढव्य होईल. म्हणून ते सुटे ठेवतात. कोठे? त्याच डिस्कवर, कर्नेलाच्या आवृत्तीच्या नावाने केलेल्या कप्प्यात. आता अडचण ध्यानात येईल. डिस्क वाचण्यासाठी ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर मिळविण्यासाठी डिस्क वाचावयास हवी. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावून घेतल्यासारखी ही स्थिती आहे.

अशा वेळी शहाणी माणसे दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवतात. लिनक्समध्ये ही सोय 1996 च्या सुमारास झाली. एक छोटी, गाठोड्यासारखी बांधलेली फाइल तयार करावयाची. तिच्यात आरंभापुरते लागणारे ड्रायव्हर आणि मोजकी साधने घालावयाची. आणि कर्नेलाबरोबर तीही स्मृतीत चढवावयाची. कर्नेल जागे होते, गाठोडे सोडते, त्यातला ड्रायव्हर वापरून खरी डिस्क उघडते आणि मग कारभार डिस्कवरील प्रणालीकडे सोपविते. पुढे 2.6 या आवृत्तीच्या सुमारास हिचे स्वरूप पालटले आणि तिला इनिटरॅमएफएस हे उच्चारावयास कठीण नाव मिळाले. मी तिला प्रारंभ-प्रतिमा म्हणते.

परंतु येथे एक चौकस विद्यार्थी विचारील : ही प्रतिमाही डिस्कवरच असते ना? मग ती कोण वाचतो? प्रश्न रास्त आहे. आपल्या यंत्रात ते काम ग्रब नावाची आरंभक आज्ञावली करते, आणि ती मदरबोर्डमध्येच कोरलेल्या बायोसच्या साहाय्याने डिस्क वाचते. म्हणूनच नव्या संगणकात निवडसूची दिसली, कर्नेल चढले, प्रतिमाही चढली. तोवर वाचणारा बायोस होता. कर्नेलाने सूत्रे हाती घेताच बायोसची मदत संपली, आणि कर्नेलाने गाठोडे सोडून पाहिले तर त्यात या नव्या नियंत्रकाची किल्लीच नव्हती. डिस्क समोर असूनही त्याला ती दिसेना. "अस्तित्वात नाही" या शब्दांचा अर्थ इतकाच होता. दुकानातल्या तरुणाने तो वेगळा लावला. भाषेच्या अभ्यासकालाही अशी चूक होते. ऐकणाऱ्याला शब्द ठाऊक नसला म्हणजे तो शब्द भाषेतच नाही असे नोंदविले जाते.

आता अनेक कर्नेलांकडे वळू. एका यंत्रात एका वेळी एकच कर्नेल चालते, मग तीन कशासाठी? कर्नेलाच्या सुधारित आवृत्त्या वरचेवर येतात. डेबियनमध्ये आवृत्तीचा क्रमांक बदलला की नवे कर्नेल जुन्यावर न लिहिता त्याच्या शेजारी ठेवले जाते, कारण नवे ते निर्दोषच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. याचे एक ठळक उदाहरण डिसेंबर 2023 मधले आहे. डेबियन 12.3 ही सुधारित आवृत्ती निघण्याच्या दिवशीच असे लक्षात आले की, तिच्यातील 6.1.64 या कर्नेलामुळे एक्स्ट4 पद्धतीने मांडलेल्या डिस्कवरील माहिती बिघडू शकते. एक दुरुस्ती जुन्या शाखेत आणली गेली होती, पण तिच्याआधी यावयास हवी असलेली दुसरी दुरुस्ती आली नव्हती. ती आवृत्ती रोखण्यात आली आणि 10 डिसेंबरला तिच्या जागी 12.4 निघाली. ज्यांनी मधल्या काळात नवे कर्नेल घेतले होते त्यांना निवडसूचीतून मागचे कर्नेल निवडून काम चालविता आले. ज्यांनी जागा वाचविण्यासाठी जुने काढून टाकले होते त्यांची पंचाईत झाली. भांडारकर संस्थेतील पंडितांनी 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठभेदही छापले. संपादकाचा निर्णय चुकला असेल तर पुढच्या अभ्यासकाला मागे जाता यावे, हा त्यामागील विचार होता. दोन कर्नेल शेजारी ठेवण्यात तोच विचार आहे.

प्रत्येक कर्नेलाची प्रारंभ-प्रतिमा स्वतंत्र असते, हा पुढचा मुद्दा. आपल्या यंत्रावर 6.1.0-21, 6.1.0-22 आणि 6.1.0-23 अशी तीन कर्नेल होती. बूट नावाच्या विभागात तीन कर्नेल-फाइली आणि त्याच तीन क्रमांकांच्या तीन प्रतिमा. एकाची प्रतिमा दुसऱ्याला उसनी देता येत नाही. ड्रायव्हर ज्या कर्नेलासाठी घडविलेला असतो त्याच्या आवृत्तीचा शिक्का त्यावर असतो आणि तो जुळला नाही तर कर्नेल त्याला आत घेत नाही. ग्रबची सूची या जोड्या नावांवरून लावते. म्हणून नावे हाताने बदलण्याचा मोह टाळावा.

नवे कर्नेल बसविताना त्याची प्रतिमा आपोआप बांधली जाते. मग ती पुन्हा बांधावी लागते केव्हा? आरंभाच्या टप्प्यावर ज्याची गरज आहे असे काही बदलले म्हणजे. डिस्कला सांकेतिक कुलूप घातले, अनेक डिस्का एकत्र जोडून एक केली, तात्पुरत्या साठवणीचा विभाग पुन्हा आखल्याने त्याचा ओळखक्रमांक बदलला, एखाद्या अवयवाचे नवे ड्रायव्हर आले. अशा वेळी डिस्कवरील नोंद बदलते, पण गाठोड्यातील तिची जुनी नक्कल तशीच राहते. प्रतिमा ही नक्कल आहे, हे विसरले की गोंधळ होतो. मूळ ग्रंथात दुरुस्ती केली म्हणून बाहेर गेलेली प्रत आपोआप दुरुस्त होत नसते.

ही नक्कल नव्याने करण्याची डेबियनमधील आज्ञा म्हणजे अपडेट-इनिटरॅमएफएस. (आज्ञांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत, कळफलकावर त्या रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात.) तिच्यापुढे -यू लावले की असलेली प्रतिमा नवी होते. कोणती प्रतिमा? येथेच मी स्वतः बराच काळ चुकीच्या समजुतीत होते. मला वाटे, जे कर्नेल सध्या चालू आहे त्याची. प्रत्यक्षात, आवृत्ती सांगितली नाही तर ही आज्ञा यंत्रावरील सर्वांत नव्या कर्नेलाची प्रतिमा बदलते. बहुतेक वेळा नवे तेच चालू असते, म्हणून फरक जाणवत नाही. पण नवे कर्नेल बिघडले म्हणून आपण मागच्यावर आलो आहोत आणि तेथे एखादी सुधारणा करून नुसते -यू दिले, तर ज्यावर आपण उभे आहोत त्याला ती सुधारणा मिळतच नाही. मिळते ती शेजारच्या नादुरुस्त भावंडाला. म्हणून आधी यूनेम -आर ही आज्ञा देऊन चालू कर्नेलाचे नाव पाहावे आणि मग -के या खुणेपुढे हवी ती आवृत्ती स्पष्टपणे लिहावी.

गंमत अशी की फेडोरा या दुसऱ्या प्रसिद्ध प्रणालीत संकेत नेमका उलट आहे. तेथे 2009 पासून, म्हणजे तिच्या बाराव्या आवृत्तीपासून, हे काम ड्रॅकट नावाचे साधन करते, आणि आवृत्ती न सांगितल्यास ते चालू असलेल्या कर्नेलाचीच प्रतिमा बांधते. एका घरातली रीत दुसऱ्या घरात गृहीत धरू नये, हे सुनांना सांगावे लागत नाही. संगणक हाताळणाऱ्यांना मात्र सांगावे लागते.

-के पुढे आवृत्तीऐवजी 'ऑल' म्हणजे 'सर्व' असेही लिहिता येते. मग एका फटक्यात सर्व कर्नेलांच्या प्रतिमा नव्या होतात. हे सोयीचे वाटते, आणि काही प्रसंगी आवश्यकही असते. डिस्कचा ओळखक्रमांकच बदलला तर जुन्या प्रतिमा ठेवून उपयोग नाही. पण केलेल्या बदलात चूक असेल तर ती चूक सर्व प्रतिमांत एकाच वेळी जाते. जे जुने कर्नेल आपण अडीअडचणीसाठी राखून ठेवले, त्याच्याही गाठोड्यात तीच चुकीची किल्ली बांधली जाते. निवडसूचीत तीन नावे दिसत राहतात, पण परतीची वाट एकही उरलेली नसते.

आपल्याकडे घडले ते हेच. जुलैमध्ये मी शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला सांगितले होते की बूट विभाग भरत आला आहे, थोडी जागा करून दे. तो विभाग जेमतेम अडीचशे मेगाबाइटांचा होता आणि त्यात तीन कर्नेल त्यांच्या प्रतिमांसह दाटीवाटीने बसली होती. मुलगा हुशार आहे आणि त्याने केले तेही नियमाला धरूनच. प्रतिमेत कोणते ड्रायव्हर घालावयाचे याची एक मांडणी असते. डेबियनची मूळ मांडणी 'मोस्ट', म्हणजे बहुतेक प्रचलित नियंत्रकांचे ड्रायव्हर घाला, कोणते लागेल सांगता येत नाही. तिच्याऐवजी 'डेप' लिहिले तर केवळ समोरच्या यंत्राला लागतात तेवढेच घातले जातात आणि प्रतिमा बरीच लहान होते. त्याने 'डेप' लिहिले, 'ऑल' ही आज्ञा दिली, संगणक पुन्हा सुरू करून पाहिला, सर्व ठीक होते. बूट विभागात ऐसपैस जागा झाली. मी त्याला शाबासकी दिली आणि चहा पाजला.

जुना मदरबोर्ड अशा पिढीतला होता की त्याच्या नियंत्रकाला एटीए-पीआयआयएक्स या नावाचे ड्रायव्हर लागे. कार्यालयातल्या संगणकाला लागे ते एएचसीआय. 'मोस्ट' प्रतिमेत दोन्ही असतात. 'डेप' प्रतिमेत पहिलेच राहिले होते. तीनपैकी एक जरी जुनी प्रतिमा न बदलता ठेवली असती, तर त्या ऑगस्टच्या सकाळी तेच नाव निवडून आम्ही पाच मिनिटांत कामाला लागलो असतो. फेडोरात याची तरतूद आधीच केलेली असते, हे मला नंतर कळले. तेथे दर कर्नेलाची प्रतिमा त्या त्या यंत्रापुरती काटकसरीने बांधतात, पण सूचीच्या तळाशी एक वेगळी बचाव-प्रतिमा ठेवतात आणि तिच्यात सर्वसाधारण ड्रायव्हरांचा भरणा असतो.

दुरुस्ती त्याच माजी विद्यार्थ्याने केली, आणि मी शेजारी खुर्ची टाकून पाहत बसले. डेबियन ज्यावरून थेट चालविता येते असा एक पेनड्राइव्ह त्याने लावला आणि यंत्र त्यावरून सुरू केले. आपली डिस्क लगेच दिसू लागली, कारण पेनड्राइव्हवरच्या प्रतिमेत योग्य ते ड्रायव्हर होते. गुरुजींच्या संग्रहाचा कप्पा उघडून त्याने मला यादी दाखविली. पुढे काही करण्याआधी सारा कप्पा एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. घाईत हीच पायरी गाळली जाते. मग डिस्कचा मुख्य विभाग आणि बूट विभाग जोडून, यंत्राची चालू माहिती देणारे तीन विशेष कप्पे त्यांत आणून, सीएचरूट या आज्ञेने तो जणू आपल्याच डिस्कवरील प्रणालीच्या आत जाऊन बसला. मांडणीत 'डेप' खोडून 'मोस्ट' लिहिले.

येथे एक खाचखळगा आहे. असे आत बसले असता यूनेम -आर विचारले तर उत्तर पेनड्राइव्हवरील कर्नेलाचे येते, कारण चालू असते ते तेच. ते नाव पाहून तेवढ्याच आवृत्तीची प्रतिमा बांधावयास गेलो तर ज्याचा आपल्या डिस्कवर पत्ताच नाही अशा कर्नेलाची प्रतिमा आपण मागत असतो. आवृत्तीचे नाव बूट विभागातील फाइलींवरून घ्यावे. त्याने 6.1.0-22 हे नाव देऊन फक्त मधली प्रतिमा बांधली आणि एलएस-इनिटरॅमएफएस या आज्ञेने तिच्यातील यादी वाचून एएचसीआय आत आहे याची खात्री करून घेतली. पेनड्राइव्ह काढला, निवडसूचीतून 22 निवडले, आणि ग्रंथालयाचा ओळखीचा पडदा उजळला. त्यानंतरच इतर प्रतिमांना हात लावला. जुलैतला मुलगा आणि हा मुलगा एकच होता, यावर माझा विश्वास बसेना.

पहिली फाइल मी उघडली ती बरखेड्यातील एका आजींच्या मुलाखतीची. मे महिन्यात ती घेतली होती; आजी जुलैमध्ये गेल्या. दहा महिन्यांपूर्वीच्या प्रतीत ती नव्हती. नागपूरहून आलेल्या रेल्वेगाडीत मांडीवर पाटा-वरवंटा धरून बसल्याची हकीगत त्यांनी त्यात सांगितली आहे, आणि मधेच मागे कुकरची शिट्टी वाजते.

जागेच्या प्रश्नाचा खरा उपाय दुसराच होता. बूट विभाग भरला की जुनी कर्नेल काढावी, पण ती फाइली पुसून न काढता प्रणालीच्या आज्ञावली-व्यवस्थापकाकडून काढावी. म्हणजे ड्रायव्हरांचा कप्पा, प्रतिमा आणि सूचीतील नोंद ही सर्व एकदम जातात. चालू असलेले कर्नेल आणि त्याखेरीज चालून पाहिलेले एक, एवढी राखावी. विभाग काठोकाठ भरलेला असताना प्रतिमा बांधावयास घेतली तर जागा नाही म्हणून काम अर्धवट थांबते. अशा वेळी जुनी प्रतिमा सहसा वाचते, कारण नवी आधी वेगळ्या नावाने लिहून पुरी झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवली जाते. पण पडद्यावरील शेवटच्या चार ओळी न वाचता यंत्र बंद करू नये. आणखी एक : लिलो नावाचा जुना आरंभक ज्यांनी वापरला आहे त्यांना प्रतिमा बदलल्यावर तोही पुन्हा बसविण्याची सवय असते, कारण प्रतिमा डिस्कवर कोणत्या जागी आहे ते तो आधीच लिहून ठेवी. ग्रब फाइल नावाने शोधतो. नुसती प्रतिमा नवी केल्याने त्याला काही कळवावे लागत नाही.

भाषेच्या विद्यार्थ्याला या प्रकरणात एक गोष्ट खुपल्याशिवाय राहत नाही. आपल्या ग्रंथालयातील संगणकाचा पडदा मराठीत आहे. हिंदीसाठी आणि छत्तीसगढीसाठी रविशंकर श्रीवास्तव, म्हणजे रवि रतलामी, यांच्यासारख्या माणसांनी मुक्त आज्ञावलींच्या अनुवादाचे जे काम केले, तसे मराठीतही झाले आहे. परंतु हे सारे अनुवाद डिस्क उघडल्यानंतर वाचले जातात. प्रारंभ-प्रतिमेच्या गाठोड्यात टंकही नसतात आणि अनुवादही नसतात; जागेची काटकसर करावयाची तर ते प्रथम वगळले जातात. त्यामुळे सर्व सुरळीत असते तेव्हा यंत्र मराठी बोलते आणि संकटात सापडले की इंग्रजी. एम. पी. नगरच्या त्या दुकानात मराठी वाक्य पडद्यावर आले असते तरी निर्णय वेगळा झाला असता असे मी म्हणणार नाही. पण मी स्वतः ते पहिल्याच दिवशी नीट वाचले असते. इंग्रजी मजकूर पाहून तो जाणकारांसाठी आहे असे मी गृहीत धरले, आणि "गठ्ठ्यात ड्रायव्हर नसण्याची शक्यता आहे" हे त्यात स्वच्छ लिहिलेले असूनही माझ्या डोळ्यांपुढून गेले.

आता संगणकाशेजारी एक वही ठेवली आहे. नवे कर्नेल आले की दिनांक, त्याचा क्रमांक, कोणाची प्रतिमा बदलली, ती बदलल्यावर यंत्र त्या नावाने सुरू करून पाहिले की नाही, आणि मागची कोणती प्रतिमा मुद्दाम हात न लावता ठेवली आहे, असे रकाने नववीच्या मुलांनी आखले. एका नोंदीपुढे "चहा झाला नाही" असेही कोणीतरी लिहून ठेवले आहे. बाहेरची डिस्क दर शनिवारी जोडली जाते. पत्रांपैकी अकराव्या खोक्याचे वाचन अद्याप व्हावयाचे आहे. वाळवीने कडा खाल्ल्यामुळे त्यातील दिनांक लागत नाहीत, आणि त्या कामासाठी ज्यांना जुन्या भोपाळी मराठी घरांतील बोलणे आठवते अशा माणसांची गरज आहे. त्यांनी शनिवारी दुपारी ग्रंथालयात यावे.